फेऱ्या मोजणारा हात : दादासाहेब फाळके



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात इयत्ता नववीच्या मुलांनी फिरणाऱ्या चाकाची गती मोजणारे एक छोटे यंत्र मांडले होते, ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. यंत्र साधेच होते. फिरणाऱ्या चाकावर पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवायचा. समोर इन्फ्रारेड दिवा आणि सेन्सर ठेवायचा. पट्टी समोर आली की किरण परत फिरतात आणि सेन्सर एक ठोका देतो. आर्डुइनोचा बोर्ड हे ठोके मोजतो आणि एका मिनिटाला किती फेऱ्या झाल्या तो आकडा छोट्या पडद्यावर दाखवतो.

पहिल्या दिवशी मुलांची चांगलीच फजिती झाली. चाक बंद होते, तरी पडद्यावर ६००० चा आकडा आला! शोध घेतल्यावर कळले की सेन्सर डोक्यावरच्या जुन्या बल्बचा उजेड मोजत होता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून असा बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि मिनिटाला ६००० वेळा. सेन्सरला काळ्या कागदाची नळी बसवली आणि आकडा शून्यावर आला.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. एका विद्यार्थ्याचे वडील लूमच्या कारखान्यात कारागीर आहेत. त्यांच्या ओळखीने, मशीन बंद ठेवून, आमच्या विज्ञान शिक्षकांनी स्वतः एका लूमवर पट्टी चिकटवली. मशीन चालू केल्यावर यंत्राने ७५ फेऱ्या दाखवल्या. त्या वडिलांनी नुसता आवाज ऐकून सांगितले की हे लूम दीडशेने चालते आहे. मुलांना वाटले, यंत्र खोटे कसे बोलेल? वडीलच चुकत असणार. पण वडिलांनी शांतपणे दाखवून दिले की पट्टी खालच्या शाफ्टवर लागली आहे. वरचा शाफ्ट दोनदा फिरतो तेव्हा खालचा एकदा फिरतो आणि बाण्याचा धागा वरच्या शाफ्टच्या प्रत्येक फेरीला एकदा जातो. म्हणजे यंत्रही खरे आणि वडीलही खरे. काय मोजतो आहोत हे मुलांना ठाऊक नव्हते, वडिलांना ठाऊक होते.

तो मुलगा त्या दिवशी आपल्या वडिलांकडे ज्या नजरेने पाहत होता, ती आम्ही विसरू शकत नाही. म्हणूनच या अंकात कोणत्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे हा विचार करताना आमच्या मनात एखाद्या शास्त्रज्ञाचे नाव आले नाही. आले ते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके यांचे. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सगळे त्यांना ओळखतात. पण यंत्राच्या फेऱ्या हाताने मोजणारा आणि त्या मोजणीवर आपला संसार पणाला लावणारा माणूस म्हणून त्यांची ओळख फारशी कोणी करून देत नाही.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. पुढे ते मुंबईला संस्कृत शिकवण्यासाठी गेले आणि कुटुंबही मुंबईत आले. घरात पूजापाठ आणि शास्त्राभ्यास, पण धुंडिराजाचे मन चित्रे काढण्यात आणि मातीच्या मूर्ती घडवण्यात रमत असे. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला. नंतर मोठ्या भावाबरोबर ते बडोद्याला आले.

इथे आपण थोडे थांबू या. पुष्कळ पालक आमच्याकडे येऊन चिंता व्यक्त करतात की गाव सोडून गुजरातेत आलो, आता आमच्या मुलांचे मराठीही धड होणार नाही आणि पुढे वावही मिळणार नाही. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की फाळके घडले ते गुजरातेत. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी बडोद्यात कलाभवन सुरू केले होते. तिथे चित्रकलेबरोबर रंगकाम, यंत्रकाम, छपाई असे हाताला काम देणारे विषय शिकवत. कलाभवनाचे प्रमुख होते प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, म्हणजे मूळचे आपल्या सुरतचेच. या गुजराती गुरूने मराठी शिष्याची चिकाटी ओळखली. फोटोग्राफी, छपाईचे ठसे बनवणे, काळोख्या खोलीतली रसायने हे सगळे फाळके यांनी याच काळात आत्मसात केले. तिरंगी छपाईचे ठसे शिकण्यासाठी गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवले होते.

पुढे ते गोध्र्याला गेले आणि तिथे फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला. पण प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. खचलेल्या मनाने ते बडोद्याला परतले. तिथेही धंदा चालेना, कारण फोटो काढला की माणसाची शक्ती कमी होते असा लोकांचा समज होता. पोटासाठी त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते प्रयोग लोकांना दाखवले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. पुढच्या सगळ्या कथेत त्यांचा वाटा अर्ध्याहून कमी नाही.

१९०३ मध्ये फाळके यांना पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि आराखडे काढणारा म्हणून सरकारी नोकरी मिळाली. स्वदेशीच्या चळवळीत त्यांनी ती सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले. परंतु भागीदारांशी पटले नाही आणि तेही काम सुटले. वय चाळीस, हातात धंदा नाही, पदरी मुले. अशा वेळी १९११ च्या ईस्टरच्या दिवसांत गिरगावात तंबूतल्या पडद्यावर त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. आपले देव आपल्या माणसांनी पडद्यावर आणायचे, हे त्यांनी तिथेच ठरवून टाकले.

यानंतर त्यांनी काय केले हे मुलांनी नीट वाचावे. ते लगेच चित्रपट काढायला बसले नाहीत. आधी हे चालते कसे, हे समजून घ्यायला लागले. जवळपास वर्षभर ते मिळेल तो चित्रपट पाहत होते. रात्री घरी प्रयोग, झोप जेमतेम तीन तास. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचाराने आणि चष्म्याने दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र विकत घेतले आणि एप्रिलमध्ये ते मायदेशी परतले.

आता या कॅमेऱ्याबद्दल थोडे. त्याला मोटर नव्हती. बाजूला एक दांडा होता, तो हाताने फिरवावा लागे. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत दांड्याची एक फेरी झाली की फिल्मवर आठ चित्रे उमटत. सेकंदाला सोळा चित्रे हवीत, म्हणून सेकंदाला बरोबर दोन फेऱ्या, म्हणजे मिनिटाला १२०. आपल्या प्रदर्शनातल्या यंत्राने मोजली तशीच ही गती, फक्त सेन्सरच्या जागी माणसाचा हात आणि पडद्याच्या जागी माणसाचे मन. अनेक देशांतले कॅमेरामन गती टिकावी म्हणून मनातल्या मनात एखादी चाल गुणगुणत असत.

हात चुकला तर काय होते? दांडा सावकाश फिरला तर कमी चित्रे निघतात. तीच फिल्म नेहमीच्या गतीने दाखवली की पडद्यावरची माणसे भरभर धावू लागतात. शिवाय प्रत्येक चित्राला उजेड जास्त मिळतो म्हणून चित्र फिके, पांढुरके होते. दांडा जलद फिरला तर माणसे संथ होतात आणि चित्र काळवंडते. राजा दुःखाने चालला आहे आणि पडद्यावर तो उड्या मारत निघाला, तर प्रेक्षक रडायच्या ऐवजी हसतील. म्हणजे रसाचा सगळा आधार त्या दोन फेऱ्यांवर होता.

आणि चमत्कार दाखवायचे तर मोजणी आणखी कडक. देव एकदम प्रगट व्हावा म्हणून दांडा थांबवायचा, नटाला जागेवर उभे करायचे आणि पुन्हा दांडा सुरू करायचा. एकाच चित्रात दोन दृश्ये हवी असतील तर फिल्म मोजून मागे न्यायची आणि तिच्यावर दुसरे दृश्य घ्यायचे. मोजणीत चूक झाली की दोन्ही दृश्ये वाया. अशा करामती फाळके यांच्या चित्रपटांत पुष्कळ आहेत.

पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून फाळके यांनी आधी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि ठरावीक काळाने एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर पाहणाऱ्यांना बियातून अंकुर फुटून वेल चढताना डोळ्यांसमोर दिसली. जी गती डोळ्याला दिसत नाही इतकी मंद आहे, ती त्यांनी मोजून मापून दिसेल अशी केली. मुलांनो, तुमचे यंत्र डोळ्याला न कळणारी जलद गती आकड्यात आणते, त्यांनी मंद गती चित्रात आणली. दोन्हीकडे युक्ती एकच आहे. ठरावीक वेळाने पाहायचे आणि मोजायचे.

मग राजा हरिश्चंद्राचे काम सुरू झाले. दादरला घरातच स्टुडिओ. मित्र त्र्यंबक तेलंग यांना फाळके यांनी स्वतः कॅमेरा शिकवला आणि दांडा त्यांच्या हाती दिला. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. तारामतीचे काम करायला एकही स्त्री तयार होईना, म्हणून ती भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. रोहिदास झाला फाळके यांचा मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाईंनी कामासाठी दागिने दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडत, रसायने कालवत, फिल्म धूत. ही भोके एकसारख्या अंतरावर नसतील तर कॅमेऱ्याचे दाते फिल्म पकडणार नाहीत आणि तेलंगांच्या दोन फेऱ्यांना काही अर्थ राहणार नाही. त्या काळोखातल्या कामाचे मोल पडद्यावर कोणाला दिसले नाही. पण मोजणीची सुरुवात तिथूनच होत होती.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत चित्रपट पूर्ण झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात तो लोकांसाठी खुला झाला आणि गर्दी लोटली.

यानंतर चित्रपट आपल्या सुरतेत आला. ही गोष्ट फाळके यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते, पण सुरत जिल्ह्यातल्या आपल्या मुलांना ती ठाऊक नसते याचे आम्हाला वाईट वाटते. सुरतेत पहिल्या दिवशी गल्ला जमला अवघा तीन रुपये. लोकांना रात्रभर चालणाऱ्या नाटकांची सवय. तासाभरात संपणाऱ्या खेळाला तीन आणे कोण देणार? खेळ लावणाऱ्या माणसाने फाळके यांना सुचवले की खेळ तरी लांबवा. फाळके यांनी खेळ लांबवला नाही. त्यांनी नवी जाहिरात केली. तिच्यात सांगितले की हा खेळ सत्तावन्न हजार छायाचित्रांचा आहे, चित्राची लांबी दोन मैल आहे आणि हे सगळे फक्त तीन आण्यांत पाहायला मिळेल. सुरतचा माणूस मुळात हिशोबी. इतक्या कमी पैशांत एवढा माल म्हटल्यावर तो आला आणि गल्ला तीनशे रुपयांवर गेला, असे सांगतात.

आता आपणही हिशोब करून पाहू. राजा हरिश्चंद्राची फिल्म सुमारे ३,७०० फूट होती. एका फुटात सोळा चित्रे बसतात. ३,७०० गुणिले १६ म्हणजे ५९,२००. जाहिरातीतला सत्तावन्न हजारांचा आकडा यापासून फार दूर नाही. फेरीला आठ चित्रे धरली तर तेलंगांच्या दांड्याच्या ७,४०० फेऱ्या झाल्या आणि यात वाया गेलेली फिल्म धरलेलीच नाही. सेकंदाला दोन फेऱ्यांप्रमाणे वेळ होतो ३,७०० सेकंद, म्हणजे एक तास आणि वर जेमतेम दोन मिनिटे. तीच फिल्म आजच्या २४ चित्रांच्या गतीने चालवली तर ४१ मिनिटांतच संपेल. फिल्म तीच, पण फेऱ्यांची गती बदलली की हरिश्चंद्राचे दुःख वीस मिनिटांनी कमी होते!

आणि दोन मैल? दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. आपली फिल्म पाऊण मैलसुद्धा भरत नाही. तेव्हा हा आकडा जवळजवळ तिपटीने फुगवलेला होता, हे थोर माणसाचे चरित्र सांगतानाही लपवू नये असे आम्हाला वाटते. मुलांनी चित्रांचा आकडा लक्षात ठेवावा आणि मैलांचा सोडून द्यावा. प्रयोगाच्या वहीत मैलांसारखे आकडे चालणार नाहीत.

पुढे फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले आणि पडद्यावर स्त्रिया आल्या. १९१७ च्या लंका दहनमध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे अण्णा साळुंके यांनीच केली. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. श्रीकृष्ण जन्म आणि कालिया मर्दन हे चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले. कालिया मर्दनमधला बाळकृष्ण म्हणजे फाळके यांची मुलगी मंदाकिनी. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी फिल्मही त्यांनी काढली होती. शिकलेले झाकून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

१४ मार्च १९३१ रोजी आलम आरा प्रदर्शित झाला आणि चित्रपट बोलू लागला. आवाज आला म्हणजे हाताचा दांडा गेला. माणसाचा डोळा गतीतली थोडी चूक सोसतो, कान सोसत नाही. गती जरा हलली की गाणे बेसूर होते. म्हणून मोटर आली आणि सेकंदाला २४ चित्रे ही गती कायम झाली. ज्या हातांनी मोजण्यात आयुष्य घातले, त्या हातांची गरज संपली. फाळके यांचा सेतुबंधन मूक चित्रपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापुरात केलेला गंगावतरण हा त्यांचा एकच बोलपट आणि शेवटचा चित्रपट. नव्वदहून अधिक चित्रपट काढणारा हा माणूस अखेरच्या वर्षांत बाजूला पडला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार भारत सरकारने १९६९ मध्ये सुरू केला.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्रे बदलत राहतात. आपल्या कडोदरा परिसरातही जुन्या लूमच्या जागी नवी मशीन येत आहेत आणि त्यांच्या पडद्यावर गती आपोआप दिसते. उद्या कानाने गती ओळखणाऱ्या कारागिराची गरज कोणाला वाटणार नाही, जशी १९३१ नंतर मोजून दांडा फिरवणाऱ्याची वाटली नाही. पण त्या कारागिराला कोणता शाफ्ट किती फिरतो हे माहीत आहे, आणि पडद्यावरचा आकडा खरा की खोटा हे तोच सांगू शकतो. ते ज्ञान त्याच्याबरोबर जाऊ द्यायचे की वहीत उतरवून घ्यायचे, हे तुमच्या हातात आहे.

म्हणून या सुटीसाठी एक काम देत आहोत. आपल्या सायकलच्या चाकावर पांढरी पट्टी लावा. चाक सावकाश फिरवा आणि घड्याळ लावून एका मिनिटाच्या फेऱ्या मोजा, यंत्राशिवाय. त्यानंतर घरातल्या मोठ्यांना, वडील, काका, आई जे कोणी मशीनवर काम करतात त्यांना, विचारा की त्यांचे मशीन मिनिटाला किती फिरते आणि ते त्यांना कसे कळते. चालत्या मशीनजवळ मात्र कोणी जायचे नाही, घरीच विचारायचे. उत्तरे वहीत लिहून आणा. जमलेली माहिती पुढच्या अंकात छापू आणि नववीचे यंत्र घेऊन एकेक आकडा पडताळून पाहू.

पालकांनाही नम्र विनंती. मुलगा किंवा मुलगी असे विचारू लागली तर, हे तुला काय करायचे आहे, तू अभ्यास कर, असे म्हणू नका. हाच अभ्यास आहे.